मित्रानं दिलेला तानपुरा विकायचाय? आधी हे वाच

हे बघ भावा, गाणं सुटलं, सांगलीतली खोली लहान, तानपुरा कोपऱ्यात धूळ खातोय, तर विकण्यात चूक काहीच नाही. पण पहिला फोन गिऱ्हाईकाला नाही, ज्यानं दिला त्याला करायचा. सरळ विचार, माझ्याकडनं रियाज होत नाही, तुला परत हवाय का, नाहीतर तुझ्या ओळखीत कोण शिकणारं आहे का? बऱ्याचदा तो म्हणतो विकून टाक की, पण तेच त्याला कुणाच्या तरी स्टेटसवरच्या फोटोवरनं कळलं तर तोंडानं काही बोलणार नाही पण मनात ठेवणार, आणि सांगली-मिरजेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं जग एवढुसं आहे की कळणारच.

तुझं नाव घालून मुद्दाम बनवून घेतला असेल तर मात्र विकू नको, माझं तरी हेच मत.

विकायच्या आधी मिरजेत सतारमेकर गल्लीत घेऊन जा, भोपळ्याला तडा गेलाय का बघून घे, तारा बदल, जवारी लावून घे (म्हणजे घोडी घासून तारांचा आवाज घुमता करून घे), किमतीचा अंदाजही तिथंच मिळेल. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून उगं भाव चढवू नको, फुकट आलेल्या वस्तूवर एवढी हाव बरी दिसत नाही. शिकणारी एखादी पोरगी आली तर कमीत दे.

पैशाचं मित्राला एकदाच विचार, नको म्हणाला की विषय सोड, परत परत काढलंस तर चिडेल.