भाई निवाऱ्यात का टिकत नाही?

"मॅडम, डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळचं जेवण आहे, तरी हा जाऊन बाजारात दुकानाच्या सोप्यावर निजतो. डोकं फिरलंय का त्याचं?"

डिचोलीहून आलेल्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. मोठा भाऊ पन्नाशीचा. दारूपायी घर सुटलं, आता म्हापशाच्या बाजारात हमाली. तीनदा निवाऱ्यात पोचवला, तिन्ही वेळा चार दिवसांत बाहेर. बेघर माणसांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. (दोघांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून लिहितेय.)

मी भाईंना विचारलं, "शेवटची गाढ झोप कुठं लागली?"

"सोप्यावर. पाठीला भिंत असते."

मग त्यांनी मनगट पुढे केलं. पिशवीचा बंद रोज रात्री गुंडाळून वळ उठला होता. पिशवीत आधार कार्ड आणि आईचा फोटो. निवाऱ्यात गाद्या एकमेकींना चिकटून, यांची मधल्या रांगेत. उशाशी येणारी-जाणारी पावलं, रात्रभर ट्यूबलाइट, संडासाला आतून कडी नाही. उघड्यावर राहिलेल्या माणसाचे कान झोपेतही जागे असतात. अशा जागेतून तो निघून जातो, तेव्हा तो स्वतःला जपत असतो. याला वेड म्हणू नये.

त्या वर्षी निवाऱ्याचं गळकं छप्पर दुरुस्त व्हायचं होतं. छपराचे नळे, म्हणजे कौलं, बदलताय तर आतलंही बघा, असा आग्रह मी चालकांकडे धरला. आर्किटेक्टबाई दोन संध्याकाळ राहणाऱ्यांमध्ये बसल्या. मला वाटलं होतं, लोक टीव्ही मागतील. त्यांनी कुलूप मागितलं.

प्रत्येकाला किल्लीचा कप्पा मिळाला. उशी भिंतीकडे, मध्ये छातीएवढे आडोसे: निजलेला माणूस दिसत नाही, पण उभ्या राखणदाराला सगळी खोली दिसते. रात्री फक्त संडासाच्या वाटेवर मंद पिवळा दिवा. बाहेर पागोळ्यांच्या आत चिऱ्यांचा सोपा.

वाद झाला तो गाद्यांवरून. शहरी बेघरांसाठीच्या केंद्र सरकारच्या सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरलीय. तेवढी द्यायची तर गाद्या कमी होणार. पावसाच्या तोंडावर कुणाला 'जागा नाही' म्हणणं जिवावर येतं. तरी मी कमी गाद्यांच्याच बाजूने बोलले. ज्या गादीवर माणूस टिकत नाही, ती मोजून काय करायचं? उरलेल्यांसाठी दुसरी जागा मागायला हवी, आणि ती आम्ही अजून मागतोय.

जूनमध्ये भाई आले. पहिला आठवडा बाहेरच्या सोप्यावरच निजले. कुणी आत ओढलं नाही. मग एका रात्री आपणहून कोपऱ्यातली गादी घेतली. दारू सुटलेली नाही. पण झोप होते, म्हणून सोमवारी माझ्याकडे येतात, बोलतात.

बाईंना मी एवढंच सांगितलं, की "का पळतोस?" विचारू नका. गादी कुठं आहे, कडी लागते का, ते विचारा. चवथीला त्या पातोळ्या घेऊन गेल्या. आधी फाटकाशी उभ्यानेच भेट व्हायची. यंदा दोघं सोप्यावर तासभर बसली. भाईंनी डबा धुऊन परत दिला.