वाचक विचारतात : गोळी, वेळ ठरवून?

प्रश्न : मुलगी शिकायला बेलफास्टला आहे. तिकडे ड्रग्ज विकल्याच्या संशयावरून पोरांच्या पायांत गोळ्या घालतात, तेही आईबापांना आधी कळवून, असं ती म्हणाली. हे खरं का? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, खरं आहे. मी उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात सहा वर्षं नर्स होते. 2008 च्या सुमारास तिथे 'रिपब्लिकन ॲक्शन अगेन्स्ट ड्रग्ज' नावाची टोळी उभी राहिली. घरी निरोप यायचा : पोराला अमुक वाजता अमुक गल्लीत आणा. ना पुरावा, ना वकील. नेलं नाही तर शिक्षा वाढणार, म्हणून आईच घेऊन जायची. एक आई मुलाचे बूट छातीशी धरून बाकावर बसली होती. "जाण्याआधी त्याला दुखण्याच्या गोळ्या दिल्या," एवढंच म्हणत होती. भूल द्यायची म्हणून किती दिल्या, हे मला तिला विचारावं लागलं.

लोक पोलिसांत का जात नव्हते? ही टोळी जिथे होती, त्या कॅथलिक वस्त्यांचा पोलिसांवर कित्येक वर्षं विश्वासच नव्हता. आणि हा प्रकार नवाही नव्हता : 1995 मध्ये, स्वतःची शस्त्रसंधी चालू असतानाच, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने दुसरं नाव पांघरून ड्रग्ज विकण्याच्या आरोपावरून खून पाडले होते. 2012 मध्ये एका तरुणाचा खून झाला, तेव्हा मात्र डेरीकर या टोळीविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ती दुसऱ्या सशस्त्र गटात विलीन झाली. गोळ्या थांबल्या नाहीत.

मुलीची काळजी करू नका. ही माणसं आपल्याच वस्तीतल्या पोरांवर उठतात.