आजोबांच्या सिंगल शॉट मार्टिनी रायफलला नवी नळी बसवावी की चेंबर कापून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची मार्टिनी-हेन्री, .५७७/४५० बोअर (म्हणजे काडतुसाचं आणि नळीचं माप), परवाना आता तुमच्या नावावर. नळीत गंजाचे खड्डे आणि काडतूस कुठल्याही दुकानात नाही. एक जण म्हणतो नळी बदला, दुसरा म्हणतो चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, कापून .३१५ करून देतो. मी नाशिकचाच आहे आणि जुन्या सिंगल शॉट रायफलींमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आधी दुसऱ्या माणसाचं बोलू. तो म्हणतो तसं होऊच शकत नाही. चेंबर कापणं म्हणजे आतला धातू काढून टाकणं, म्हणून नवं काडतूस जुन्यापेक्षा जाड किंवा लांब असावं लागतं. तुमच्या जुन्या काडतुसाचं बूड साधारण १७ मिलिमीटर जाड, .३१५ चं साडेबाराच्या आसपास. जे भोक आधीच मोठं आहे ते कापून लहान कसं होणार? शिवाय नळीही साडेअकरा मिलिमीटरच्या घरातली आणि .३१५ ची गोळी सव्वाआठची. ती आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या चरांना, धरणारच नाही, रुंद पाइपातून वाटाणा जावा तशी जाईल. आत स्लीव्ह (धातूची बारीक नळी) ठोकून चेंबर लहान केलं तरी नळी तेवढीच रुंद राहते. या माणसाच्या हातात रायफल देऊ नका.

मी इतकं ठासून लिहितो कारण आमच्या घरी हे घडलंय. वडिलांकडे .३०० रूक बोअरची सिंगल शॉट होती. निफाडच्या मळ्यात ती भिंतीवर असायची. मूळ काडतूस अगदी सौम्य: ८० ग्रेनची (साधारण पाच ग्रॅमची) शिशाची गोळी आणि दहा-अकरा ग्रेन काळी दारू. नव्वदच्या दशकात ती काडतुसं संपली आणि एका कारागिराने सुचवलं की रिव्हॉल्व्हरचं .३२ चं काडतूस सहज मिळतं, चेंबर थोडं मोठं करून देतो. वडिलांनी हो म्हटलं.

काम दिसायला सुबक झालं. पण .३२ चं काडतूस जुन्यापेक्षा सहा मिलिमीटर आखूड. मागचा भाग जाड कापला गेला, पुढचा जुन्या मापाचाच राहिला आणि मध्ये पायरी तयार झाली. गोळी त्या पायरीवर घासून मग आट्यांत शिरायची, आणि मुळात ती नळीपेक्षा पाव मिलिमीटरहून जास्त जाड. दहा-बारा बारांत नळीला शिशाचा थर बसायचा. पूर्वी पन्नास मीटरवर ज्या रायफलने नारळ चुकत नव्हता, तिच्या गोळ्या आता परातीएवढ्या जागेत विखुरायला लागल्या. खरा त्रास नूतनीकरणाला झाला. परवान्यावर एक बोअर, हत्यारावर दुसरं. वडिलांनी त्या वर्षी किती चकरा मारल्या हे मला आठवतं. पुढे एका जाणत्या गनस्मिथने चेंबर बघितलं आणि फक्त मान हलवली, कारण काढलेला धातू परत घालता येत नाही.

आता नवी नळी. इथे विचार करायला जागा आहे, पण प्रश्न नळीपेक्षा ॲक्शनचा आहे, म्हणजे नळीमागच्या, काडतूस बंद करून बार काढणाऱ्या यंत्रणेचा. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश फौजेत १८७१ साली आली: ८५ ग्रेन काळी दारू, ४८० ग्रेनची गोळी, नळीत सात आटे, २२ इंचांत एक फेरा. काळ्या दारूचा दाब ढकलल्यासारखा येतो. .३१५ हे मूळचं ऑस्ट्रियन मानलिकर लष्करी काडतूस, बिनधुराच्या दारूचं, आणि तिचा दाब खूप जास्त. .३०३ नागरिकांना मिळत नव्हती म्हणून बीएसए या इंग्लिश कंपनीने हिंदुस्थानासाठी या बोअरच्या रायफली काढल्या आणि पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्या बनत राहिल्या. त्या रायफली बोल्टच्या आहेत, त्या दाबासाठीच घडवलेल्या. तुमची नाही.

लोक म्हणतील, इंग्रजांनी स्वतःच मार्टिनीला .३०३ ची नळी लावली होती. खरं आहे, १८९५ पासूनची मार्टिनी-एन्फील्ड. पण ते काम शस्त्र कारखान्यात झालं, नळीबरोबर एक्स्ट्रॅक्टरसारखे (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा भाग) भागही नव्या काडतुसाला जुळवले गेले आणि प्रत्येक रायफल प्रूफ करून, म्हणजे जादा दाबाच्या बाराने तपासून, बाहेर पडली. ते उदाहरण आपल्या घरच्या रायफलीला लावता येत नाही. .३०३ तर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, तो विषय काढूच नका.

तुमची रायफल मुळात कुठली आहे, हेही पाहावं लागेल. खैबरच्या परिसरात हाताने घडवलेल्या मार्टिनीच्या नकला उपखंडभर पसरल्या आहेत. ॲक्शनच्या उजव्या बाजूचा मुकुट, त्याखालची व्ही. आर. अक्षरं आणि साल नीट बघा. अक्षर उलटं कोरलेलं असेल, किंवा व्ही. आर. च्या खाली १९०१ नंतरचं साल असेल, तर ती नक्कल समजा. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्येच वारली. अशा ॲक्शनचं लोखंड कसं आहे याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. तिला कुठलीही नळी लावू नये आणि तिच्यातून बारही काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲक्शन अस्सल निघाली तर परवानाधारक गनस्मिथकडे जा आणि समोर बसून तीन गोष्टी करून घ्या. एक, मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तिच्यावर उठलेले आटे मायक्रोमीटरने मोजायला सांगा. जुन्या नळ्या छापील मापाच्या असतातच असं नाही. दोन, चेंबरचा साचा काढा. जुने कारागीर गंधक वितळवून ओतायचे. आता सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात, तो उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळतो. तो आधी किंचित आकसतो, मग फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो, म्हणून माप तासाने घ्यायचं. तीन, ब्रीच ब्लॉक (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) बंद करून तो किती हलतो, त्याच्या पिनेभोवती तडा आहे का आणि स्ट्रायकरचं (काडतुसावर आपटणाऱ्या सुईचं) भोक झिजून रुंद झालंय का, हे बघा.

खड्ड्यांनी लगेच खचू नका. आत काळपट दिसणारी, पण आट्यांच्या कडा शाबूत असलेली नळी शिशाच्या गोळीला बऱ्यापैकी चालते. काळ्या दारूची राख ओल धरते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. एवढ्या पावसाळ्यांत खड्डे पडणारच. मला काळजी चेंबरमधल्या खड्ड्यांची वाटते, कारण बार झाल्यावर पितळ त्यात रुतून बसतं आणि एक्स्ट्रॅक्टर बुडाची कड फाडून बाहेर येतो.

नळी खरोखरच गेली असेल तर त्याच बोअरची नवी नळी किंवा जुन्याच नळीत लायनर, हे दोनच मार्ग मला पटतात. लायनरमध्ये नळी आतून मोठी करून नवी स्लीव्ह बसवतात. बाहेरचे शिक्के आणि घडण तशीच राहते, पण मूळ आटे कायमचे जातात. नवी नळी लावायची तर एक अट लिहून घ्या: नळी ॲक्शनमध्ये फिरवून बसवायचे स्क्रूचे आटे नव्या नळीलाच पाडायचे, ॲक्शनमधल्या स्क्रूच्या आट्यांना हात लावायचा नाही. मग मूळ नळी तेल लावून कापडात गुंडाळून ठेवता येते आणि तुमच्या मुलाला वाटलं तर ती परत चढवता येते. चेंबर कापलं की ही वाट बंद होते. माझा सगळा कल याच एका कारणामुळे आहे.

कायद्याकडे काणाडोळा करू नका. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारे टर्नर आहेत, मी त्यांच्या हाताला सलाम करतो. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार यांना परवाना लागतो. कलम ६ मध्ये २०१९ साली अशी भर पडली की एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलणं हेही परवान्याशिवाय करता येत नाही. सुटी नळीही बाजारातून उचलून आणता येत नाही. तुम्ही शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय, तिथे आधी लेखी अर्ज करा आणि उत्तर हातात येईपर्यंत रायफल उघडूसुद्धा नका. घरी काडतूस भरायचा विचार असेल तर त्यालाही हेच लागू आहे.

काडतुसांचा प्रश्न मात्र नव्या नळीनेही सुटत नाही. बाहेरच्या देशांत हौशी लोक २४ बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीच्या पितळी काडतुसापासून .५७७/४५० घडवतात. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून ही रायफल वापरायची आहे की जपायची आहे, हे घरात बसून ठरवा. रानडुकरांचा त्रास असेल तर त्यासाठी वेगळ्या हत्याराचा अर्ज करा. कायद्याने एका माणसाला दोन हत्यारं ठेवता येतात. आजोबांच्या मार्टिनीवर तो भार टाकू नका.

तुमच्या जागी मी असतो तर नळीही बदलली नसती. गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेल देऊन आहे तशी ठेवली असती. तरीही पुढे जायचं असेल तर ॲक्शनवरची अक्षरं आणि साल, शिशाच्या गोळीचं माप आणि चेंबरच्या साच्याचं माप, एवढं इथे लिहा. परवाना क्रमांक किंवा स्वतःचं नाव टाकू नका. ती मापं बघून लायनर बसण्याइतकी नळीची भिंत आहे का, हे मी सांगू शकेन.