तीन बोटांचा हातमोजा : पारंपरिक तिरंदाजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अलीकडेच ४० पौंडांचे लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य घेतले आहे. त्याआधी क्लबच्या २४ पौंडांच्या धनुष्यावर सराव करत होतो. नेम धरायची साइट, तोल राखणारा स्टॅबिलायझर असे काही न लावता केवळ तीन बोटांनी दोरी ओढून उजव्या हाताने बाण सोडतो. पातळ चामड्याच्या हातमोज्यात बोटे दुखू लागली, म्हणून दुहेरी थराचा जाड हातमोजा मागवला. दुखणे थोडे कमी झाले, पण बाण डावीकडे जाऊ लागले आणि सराव संपल्यावरही मधले बोट बराच वेळ बधिर राहते. याहून जाड हातमोजा घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घेऊ नये. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ हातमोज्याच्या जाडीत शोधण्याऐवजी आधी धनुष्याच्या पाउंडेजमध्ये, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या ताणात शोधावे लागेल. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलोचा ताण. तो प्रत्येक बाणाच्या वेळी तीन बोटांवर, त्यातही सर्वाधिक मधल्या बोटावर पडतो. २४ पौंडांवरून एकदम तेथे उडी घेतल्यावर पाठीचे स्नायू तो भार पेलत नाहीत, मग मनगट आणि बोटे आवळली जातात, आणि अशा आवळलेल्या बोटांना कोणत्याही जाडीचे चामडे फारसे वाचवू शकत नाही. आपले धनुष्य टेकडाउन प्रकारचे, म्हणजे मुठीच्या वरची-खालची वाकणारी पाती सुटी होणारे असेल, तर त्याच मुठीला २८ किंवा ३० पौंडांची पाती लावून काही महिने सराव करणे हा नवा हातमोजा घेण्यापेक्षा शहाणपणाचा खर्च ठरेल. बोटाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. बोटाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या नसांवर वारंवार दाब पडत राहिला, तर ती तक्रार सहजासहजी जात नाही.

आता बाण डावीकडे का जातात ते पाहू. हातमोजा दोन कामे करतो : दोरीचा अरुंद दाब बोटाच्या जास्त भागावर पसरवतो आणि सुटताना दोरीला घसरायला गुळगुळीत पृष्ठभाग देतो. जाड चामड्यामुळे पहिले काम बरे होते, पण दोरी बोटावर नेमकी कोठे टेकली आहे हे कळेनासे होते. ते कळत नाही म्हणून बोटे अधिक वाकवली जातात, आणि खोल अडकलेली दोरी सोडण्यासाठी मग बोटे मुद्दाम उघडावी लागतात. या उघडण्यात हात चेहऱ्यापासून बाहेर झटकला जातो, दोरी सरळ पुढे जाण्याऐवजी आधी बाजूला ओढली जाते आणि उजव्या हाताने सोडलेला बाण बहुधा डावीकडे पडतो. म्हणून माझ्या मते नियम असा असावा की आपल्या पाउंडेजला पुरेसे संरक्षण देणाऱ्या हातमोज्यांपैकी सर्वांत पातळ तो निवडावा.

मापाकडे बहुतेक जण कमी लक्ष देतात, पण जाडीपेक्षा ते अधिक महत्त्वाचे आहे. हातमोजा घातल्यावर बोटाचे टोक टोपीच्या, म्हणजे बोटावर चढणाऱ्या चामड्याच्या भागाच्या टोकाला टेकले पाहिजे. पुढे रिकामी जागा राहिली, तर दोरी सुटताना ते मोकळे चामडे दुमडते आणि दोरीला अडते. टोपी बोटाभोवती चिमटीने फिरवून पाहावी. ती फिरत असेल, तर शंभर बाणांत शिवण दोरीखाली येईल आणि तेथे फोड उठेल. उलट घातल्यावर काही मिनिटांत बोट ठणकू लागले, तर माप लहान आहे. चामडे वापराने थोडे सैल होते, त्यामुळे पहिल्या दिवशी किंचित घट्ट वाटणे चालते, किंचित सैल वाटणे मात्र चालत नाही. माप सकाळी घरी बसून न घेता थोडा सराव झाल्यावर घ्यावे, कारण उन्हात आणि श्रमाने बोटे फुगतात. प्रत्येक उत्पादकाचा तक्ता वेगळा असल्याने एकाकडचा ‘मीडियम’ दुसऱ्याकडे लागू पडेलच असे नाही.

टोपीची लांबीही पाहावी. पारंपरिक तिरंदाज दोरी सहसा बोटाच्या पहिल्या सांध्याच्या घडीत, किंवा तिच्या किंचित मागे धरतात. तेव्हा टोपीची कड त्या घडीच्या बरीच मागे संपली पाहिजे. कड आणि दोरी एकाच रेषेत आली की बोट कापल्यासारखे सोलते. शिवण बोटाच्या पाठीवर किंवा टोकाशी असावी, पेराच्या मांसल बाजूला मुळीच नसावी.

चामड्याबाबत थोडक्यात सांगायचे तर गाईचे चामडे सर्वत्र मिळते आणि मध्यम पाउंडेजला पुरते. बकरीचे चामडे मऊ व चिवट असते आणि ३० पौंडांच्या आत फार चांगले काम देते. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या भागापासून कमावलेले कॉर्डोव्हान चामडे दाट व गुळगुळीत असते आणि त्यावर दोरीची खाच लवकर पडत नाही. ते सुरुवातीला ताठ लागते आणि महागही असते, पण ४० पौंडांवर पोहोचल्यावर त्याचा विचार जरूर करावा. परदेशी हातमोजे अनेकदा हरणाच्या चामड्याचे असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार इथल्या हरणांच्या कातड्याचा व्यापार करता येत नाही, म्हणून कोणी स्थानिक विक्रेता ‘खास हरणाचे’ म्हणून काही पुढे करू लागला, तर तेथून निघावे.

इंटरनेटवरची परीक्षणे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्यांतील बरीचशी अमेरिकेतील शिकारी तिरंदाजांनी लिहिलेली असतात. त्यांना थंडीत उबदार राहणारा, पूर्ण हात झाकणारा हातमोजा हवा असतो, आणि त्याच कसोटीवर ते गुण देतात. मे महिन्यातल्या पुण्यात तसा हातमोजा घातला, तर अर्ध्या तासात आतून ओला होईल. आपल्यासाठी तीन बोटांच्या टोप्या, हाताच्या पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्या आणि मनगटावर बक्कल किंवा वेल्क्रो अशी मोकळी रचनाच योग्य आहे.

दोन गोष्टी हातमोज्याबाहेरच्या आहेत. धनुष्य आखूड आणि आपली ओढ लांब असेल, तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन तीव्र होतो आणि बोटे बाणाच्या मागच्या टोकावर, म्हणजे नॉकवर चिमटली जातात. अशा वेळी तर्जनीच्या आतल्या बाजूला फोड येतो, आणि त्याला उपाय लांब धनुष्याचा आहे. दुसरे म्हणजे, दोरीवर नॉकची जागा दाखवण्यासाठी पितळी मणी दाबून बसवलेला असेल, तर तो काढून तेथे दोऱ्याची गाठ गुंडाळावी. पितळेची कड चांगल्यातल्या चांगल्या चामड्याला कुरतडते.

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात तिरंदाजी शिकू इच्छिते. तिच्यासाठी हातमोजा घ्यावा की टॅब? मोठे खेळाडू काय वापरतात?
— एक पालक, सातारा

उत्तर : बर्लिन येथे २०२३ साली झालेल्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवल्यापासून हा प्रश्न बरेच पालक विचारतात, म्हणून आधी एक स्पष्ट करतो. ती पदके कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेल्या धनुष्याच्या प्रकारातील आहेत. कंपाउंड धनुष्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. हातात धरलेल्या रिलीज नावाच्या यांत्रिक साधनाने ती पकडतात आणि सोडतात. तेथे हातमोज्याला काहीच काम नसते. ऑलिम्पिकमधील रिकर्व्ह प्रकारात खेळाडू टॅब वापरतात. टॅब म्हणजे तळहाताच्या बाजूने बोटांपुढे येणारा चामड्याचा सपाट तुकडा. तो तीनही बोटांना एकच अखंड पृष्ठभाग देतो, म्हणून दोरी स्वच्छ सुटते. पुष्कळ टॅबमध्ये तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये छोटा ठोकळाही असतो, त्याने नॉक चिमटला जात नाही.

मुलीला पुढे रिकर्व्हच्या स्पर्धा खेळायच्या असतील, तर पहिल्या दिवसापासून टॅबच द्यावा. तिचे प्रशिक्षक बांबूच्या धनुष्याने, म्हणजे इंडियन राउंडने सुरुवात करून घेणार असतील, तरी त्यांच्या पसंतीने टॅब घेतलेला बरा, म्हणजे पुढे सवय मोडावी लागणार नाही. हातमोज्याचे खरे क्षेत्र वेगळे आहे. माळरानावर किंवा झाडीत फिरत, वेगवेगळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवर साध्या धनुष्याने बाण सोडणाऱ्याला हातमोजा सोयीचा पडतो, कारण तो एकदा घातला की विसरता येतो. बाण उचलणे, लक्ष्यातून ओढून काढणे, पाण्याची बाटली उघडणे, सगळे त्याच हाताने होते. टॅब मात्र दर वेळी बाजूला करून पुन्हा जागेवर आणावा लागतो. नेमकेपणात टॅब सरस आहे, सोयीत हातमोजा, आणि लहान मुलीच्या शिक्षणात मी नेमकेपणाला मत देईन.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या हातमोज्यावर पांढरी बुरशी येते. तेल लावून ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तेल जपून वापरावे. जास्त तेल प्यायलेले चामडे फुगते, मऊ पडते आणि दोरी त्यात रुतू लागते. बुरशी कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसून काढावी, हातमोजा सावलीत वाऱ्यावर वाळवावा आणि सरावाच्या पिशवीत बाणांबरोबर कोंबून ठेवू नये. कोकणातल्या जुलैत बंद पिशवीत काहीच कोरडे राहत नाही. सिलिका जेलची पुडी घातलेला डबा चांगला. भिजलेला हातमोजा चुलीजवळ, इस्त्रीने किंवा कडक उन्हात वाळवला, तर चामडे आखडते आणि तडकते. वापरताना टोप्यांच्या आत चिमूटभर टाल्कम पावडर टाकल्यास घाम शोषला जातो. बाहेरच्या बाजूला पावडरचा हात फिरवला, तर दमट हवेतही दोरी चिकटत नाही.

प्रश्न : आमच्या गावातील चर्मकाराकडून हातमोजा शिवून घेता येईल का? कोल्हापुरी चपलांचे चामडे चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : शिवून घ्यायला काहीच हरकत नाही. आपल्या हाताच्या मापाचा हातमोजा मिळणे हा तर मोठाच लाभ आहे. कोल्हापुरी चपलेसाठी प्रामुख्याने म्हशीचे, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे वापरतात. वनस्पतीच्या रसात कमावलेले असे चामडे ओले करून बोटाच्या आकारावर बसवता येते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते, ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. चपलेच्या तळव्याचे चामडे मात्र बोटावर वाकणार नाही. चपलेच्या पट्ट्यांसाठी तासून पातळ केलेले, साधारण दीड मिलिमीटरच्या आतले चामडे मागावे आणि गुळगुळीत बाजू बाहेर, दोरीकडे ठेवायला सांगावी. पाठीवरच्या पट्ट्या बकरीच्या मऊ चामड्याच्या असाव्यात. कारागिराला सर्वांत अवघड जाईल ती शिवण, कारण चपलेत तिचा जाडपणा खपून जातो आणि येथे खपत नाही. शक्य असल्यास आधी टॅब करून घ्यावा : त्यात शिवण जवळजवळ नसते, चामडे त्याला साजेसे असते आणि बिघडला तरी नुकसान हातभर तुकड्याचे नसते.

प्रश्न : आम्ही घरात चामडे वापरत नाही. पर्याय आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे. कृत्रिम मायक्रोफायबरचे हातमोजे आणि टॅब मिळतात. मापाचे वरील सर्व निकष त्यांनाही लागू होतात. कापडी अस्तराचे स्वस्त हातमोजे टाळावेत, कारण पृष्ठभाग घासला गेला की खालचे विणलेले धागे दोरीला धरतात. दोरीवरच बसवायच्या रबरी नळ्याही मिळतात. त्या लावल्या की बोटांवर काहीच घालावे लागत नाही आणि पाहुण्यांना धनुष्य हाताळू द्यायला त्या उत्तम आहेत, परंतु दोरीच्या मधोमध वजन वाढल्याने बाणाचा वेग थोडा कमी होतो. नियमित सरावाला मी त्या सुचवणार नाही.

प्रश्न : मला मुघल पद्धतीप्रमाणे अंगठ्याने दोरी ओढायला शिकायचे आहे. तीन बोटांचाच हातमोजा चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालणार नाही. या पद्धतीत दोरी अंगठ्याने अडकवून त्यावर तर्जनीची कडी घालतात. तीन बोटांच्या टोप्या त्यात निरुपयोगी ठरतात आणि अंगठा मात्र उघडा राहतो. मुघल काळात यासाठी अंगठ्यात घालायची खास अंगठी असे. दरबारातल्या जेडच्या, रत्नजडित अंगठ्या आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. रोजच्या सरावाला शिंग, हाड, धातू किंवा चामड्याचीही अंगठी पुरते. नवशिक्याने चामड्याच्या अंगठीपासून सुरुवात करावी, कारण कठीण अंगठीचे माप किंचित जरी चुकले तरी ती अंगठ्याच्या सांध्यावर रुतते किंवा बाणाबरोबर उडून जाते. बाणही दुसऱ्या बाजूला ठेवावा लागतो : उजव्या हाताने तीन बोटांनी ओढताना तो धनुष्याच्या डावीकडे असतो, अंगठ्याने ओढताना उजवीकडे. आपले सध्याचे धनुष्य एका बाजूला बाणासाठी खाच कापलेले असेल, तर ते या पद्धतीला उपयोगी पडणार नाही. अंगठी घेण्याआधी धनुष्याचीच चौकशी करावी.