धर्मादाय लिलावातला पाइप वर्णनाशी जुळत नसेल तर?

प्रश्न : एका धर्मादाय संस्थेच्या ऑनलाइन लिलावात '१९२०च्या दशकातील आयरिश पाइप, चांदीच्या कड्यासह' या तंबाखूच्या पाइपसाठी माझी बोली सर्वोच्च ठरली. पाइप हाती आल्यावर भिंगातून पाहिले, तर त्यावर 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असा ठसा आढळला. वस्तू 'आहे त्या स्थितीत' विकली असून पैसे सत्कार्याला गेले, ते परत मिळणार नाहीत, असे संस्था म्हणते. शेवटच्या काही मिनिटांत माझ्यावर बोली चढवणारी व्यक्ती संस्थेचीच कार्यकर्ती होती, असेही आता समजले आहे. मी काय करावे?

उत्तर : आपला सर्वांत भक्कम पुरावा तो ठसाच आहे. आयर्लंड प्रजासत्ताक झाले ते १९४९ मध्ये. तेव्हा हे शब्द उमटवलेला पाइप १९२०च्या दशकात घडवलेला असू शकत नाही, आणि हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे विक्रीची गर्भित (न लिहिताही लागू होणारी) अट आहे. दांडीवरच्या दातांच्या खुणा, वाटीत साचलेली काजळी, काठाचा जळका भाग यांबद्दल 'आहे त्या स्थितीत' हे शब्द संस्थेला संरक्षण देतील; पण वस्तू मुळात सांगितलेल्या काळातलीच नसेल, तर नुसत्या या तीन शब्दांवर तिला निभावून नेता येईल, असे मला वाटत नाही. मात्र गर्भित अटी करारातील स्पष्ट तरतुदीने वगळता येतात. म्हणून 'काळाची व वर्णनाची हमी नाही' असे लिलावाच्या नियमांत कुठे म्हटले आहे का, ते आधी पाहा. सत्कार्याचा मुद्दा मी गौण मानतो: आपण किंमत मोजून वस्तू घेतली आहे, ती विक्रीच होय.

आपली बाजू लंगडी पडू शकते ती छायाचित्रांमुळे. चुकीच्या निवेदनावरून केलेला करार रद्द करता येत असला, तरी साधारण दक्षतेने सत्य कळण्यासारखे होते, असे दिसल्यास करार कायद्याच्या कलम १९ मधील अपवाद आडवा येतो. लिलावाच्या पानावरील छायाचित्रांत ठसा वाचता येत होता का, याचे उत्तर संस्थेने विचारण्यापूर्वी आपल्याजवळ हवे.

कार्यकर्तीच्या बोलीचा मुद्दा स्वतंत्र आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे मालविक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे बेकायदा आहे आणि खरेदीदार अशी विक्री कपटाची मानू शकतो. तिने स्वतःसाठी, स्वतःच्या पैशाने बोली लावली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून बोलींचा वेळेसह तपशील लेखी मागा.

तोवर पाइप ओढू नका आणि घासूनपुसून चकचकीतही करू नका, कारण पॉलिशने ठसा पुसट होतो आणि मालकासारख्या वापरामुळे आपण माल स्वीकारला, असे धरले जाते. तिरप्या उजेडात ठशाचे छायाचित्र घ्या. नकार ई-मेलने आणि पोचपावतीसह टपालाने विनाविलंब कळवा; वाजवी मुदतीत कळवले नाही, तर तेही स्वीकारणेच ठरते. वेगळे ठरले नसेल, तर पाइप परत पोचवण्याची जबाबदारी आपली नाही, नकार कळवणे पुरेसे आहे. पाइप ठेवायचाच असेल, तर मालविक्री कायद्याच्याच कलम ५९ खाली फक्त किमतीतला फरक मागता येईल. नोटीस धाडण्यापूर्वी यांतले एक निवडा.