पालथं पडण्याचं राहू दे, आधी कान तपासून घे

‘ताई, माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. मान धरलीय, हसतो, हुंकार देतो, पण अजून पालथा पडत नाही. चिपळूणच्या नणंदेची मुलगी चौथ्या महिन्यातच पालथी पडायला लागली, म्हणून सासूबाई रोज बोलून दाखवतात. बाकी बाळ फार गुणी. शिमग्यात पालखी अंगणात नाचली, ढोल-ताशे वाजत होते, तरी ओटीवर गाढ झोपून होता. डॉक्टरांना दाखवू का? हे म्हणतात, आंब्याचा हंगाम उरकू दे.
– गुहागरची एक आई’

बाये, पालथं पडण्याचं लगेच सांगते. बहुतेक मुलं चौथ्या ते सहाव्या महिन्यात केव्हातरी पालथी होतात. तुझ्या मुलाने मान धरलीय. नणंदेच्या मुलीचं नाव आता काढू नका.

मला काळजी लागलीय ती ढोलाची. पालखी अंगणात नाचते तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही आणि तुझं पाच महिन्यांचं पोर ओटीवर हललंही नाही. तू ते कौतुकाने लिहिलंस! झोपेत काही मुलं मोठा आवाजही पचवतात, त्यामुळे कदाचित काहीच नसेल. पण ‘कदाचित’वर कानाचा विषय सोडायचा नसतो.

हुंकार देतो म्हणजे ऐकतो, असं धरू नकोस. ज्यांना ऐकू येत नाही अशी बाळंही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतात, आईचा चेहरा बघून हसतात. फरक पुढे ‘बाबाबा, दादादा’ सुरू व्हायच्या वेळी दिसू लागतो आणि तोवर मोलाचे महिने गेलेले असतात. घरी टाळ्या वाजवून, थाळी बडवूनही खात्री होत नाही. बाळाला हात हललेला दिसतो, ढोल असला तर हादराही जाणवतो.

जन्मल्यावर कानांची तपासणी झाली होती का, ते तू लिहिलं नाहीस. झाली असली तरी पुन्हा कर. ओएई चाचणीत बाळ झोपलेलं असताना कानात मऊ बूच ठेवून बारीक आवाज सोडतात आणि कान त्याला प्रतिसाद देतो का ते बघतात. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम. त्यात शंका आली तर बेरा चाचणी करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते तपासतात. पहिल्या चाचणीत शंका निघाली म्हणून घाबरायचं नाही, कानात मळ किंवा पाणी असलं तरी तसं होतं. जन्माचे कागद बरोबर ने. वजन किती होतं, कावीळ किती वाढली होती, हे विचारतील.

आणि आता हंगाम. जन्मतः ऐकू येत नसेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा दुसरे उपचार सुरू व्हावेत, असं डॉक्टर मानतात. भाषेचा पाया याच वयात बसतो. तुझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. आंबे उतरून, पेट्या रवाना होऊन, मिरग लागेपर्यंत थांबलात तर तो सहावा महिना हातातून गेला. तुझ्या नवऱ्याला हे असंच्या असं वाचून दाखव. कलमांवर चढायला गडी मिळतो.

खर्चाची धास्ती असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि कानाचे दोष त्यात येतात. उद्या सकाळी आशाताईंना फोन कर, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घे आणि याच आठवड्यात रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जा. नवऱ्याला वेळ नसेल तर सासूबाईंना सोबत घेऊन एसटीने जा. अहवालात उजव्या आणि डाव्या कानापुढे काय लिहिलंय, ते मला कळव.