सेवाभावी संस्थेला माझी छायाचित्रे हवी आहेत; मोबदला मागणे योग्य दिसेल का, आणि परवाना कसा द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सेवाभावी संस्थेने वार्षिक अहवाल आणि संकेतस्थळासाठी तुमची बारा छायाचित्रे मागितली आहेत, "निधी नाही, पण तुमचे नाव नक्की देऊ" असे कळवले आहे, आणि पैशांचा विषय काढला तर आपण हावरट ठरू की काय, अशी तुम्हाला धास्ती वाटते. मी अशा संस्थांना बरीच वर्षे छायाचित्रे देत आलो आहे. काहींना पूर्ण दराने, काहींना सवलतीत आणि काहींना फुकटही. त्या अनुभवावरून सांगतो की पैसे कमी घ्यायला काहीच हरकत नाही, मात्र पैसे जितके कमी तितका परवानाही आखूड असायला हवा. बहुतेक जण नेमके उलटे करतात. पैसे घेताना ते अटी घालतात आणि फुकट देताना "घ्या, हवे तसे वापरा" म्हणून मोकळे होतात.

आधी संकोचाबद्दल बोलतो. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते याचा अर्थ एवढाच, की वर्षाअखेरीस उरलेली शिल्लक कोणी मालक किंवा भागधारक वाटून घेत नाहीत. तिथल्या कर्मचाऱ्यांना पगार असतो, अहवालाची मांडणी करणारा आपले पैसे घेतो, छापखाना बिल लावतो आणि कागदही विकतच आणावा लागतो. त्यामुळे "अहवालाच्या अंदाजपत्रकात छायाचित्रांसाठी काय तरतूद आहे?" हा प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. अनेक संस्थांचे वार्षिक हिशेब जाहीर असतात. पत्र लिहिण्यापूर्वी त्यातील छपाई आणि प्रसिद्धीचा खर्च पाहून घ्यावा, म्हणजे "निधी नाही" या वाक्याचे खरे वजन कळते. जिथे एकही पगारी माणूस नाही आणि कार्यकर्ते पदरमोड करून काम करतात, तिथली गोष्ट वेगळी. तिथे मी स्वतःहून पैसे घेत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. एका संस्थेला मी तोंडी बोलण्यावर एक छायाचित्र दिले होते: ओसरीवर बसलेली आजी नातीची वेणी घालते आहे, दातांत रिबीन धरलेली. ते अहवालात आले, छान छापले गेले आणि मी विसरूनही गेलो. दोन वर्षांनी तेच छायाचित्र त्या संस्थेला देणगी देणाऱ्या एका कंपनीच्या दिनदर्शिकेवर दिसले. नात कापून टाकली होती आणि तिच्या जागी कंपनीचे बोधचिन्ह होते. विचारणा केल्यावर संस्थेने निरागसपणे सांगितले की देणगीदार म्हणजे आपलेच भागीदार, म्हणून त्यांनाही पाठवले. कागदच नसल्यामुळे मला फारसे काही करता आले नाही. त्याहून मोठी बोच अशी, की आजींनी होकार दिला होता तो संस्थेच्या अहवालासाठी, कोणाच्या जाहिरातीसाठी नव्हे. छायाचित्रावरचा तुमचा हक्क आणि त्यातील माणसाची संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि संस्थेला परवाना देताना दुसरीची मर्यादा ओलांडण्याचा अधिकार तुम्हालाही नसतो.

हक्काचा पाया पक्का आहे. स्वामित्वहक्काविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ च्या बर्लिन येथील सुधारणेने हे तत्त्व आले, की निर्मात्याला स्वामित्वहक्क मिळण्यासाठी नोंदणीसारख्या कोणत्याही सोपस्काराची अट नसावी. त्यामुळे करारातील देशांत, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रांसारखे अपवाद सोडले, तर हक्क आपोआप छायाचित्रकाराचा असतो. हा हक्क विकणे वेगळे आणि वापराचा परवाना देणे वेगळे. १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमूर यांनी मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली, तिच्या मुळाशी हाच आग्रह होता: छायाचित्र मासिकाने छापावे, पण ते छायाचित्रकाराच्या मालकीचे राहावे. संस्थेकडून आलेल्या छापील नमुन्यात "सर्व हक्क हस्तांतरित" किंवा "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असे शब्द असतील, तर ते खोडून परत पाठवायला कचरू नये. असे नमुने बहुधा कुठून तरी उचललेले असतात आणि संस्थेला स्वतःलाही इतके काही नको असते. "आणि भागीदार संस्था" हे तीन शब्द मात्र मी आता भिंग लावून शोधतो.

परवान्याची भाषा वकिली असण्याची गरज नाही. मी साधारण असे लिहितो: "सोबतची छायाचित्रे संस्थेने या वर्षीच्या वार्षिक अहवालात आणि स्वतःच्या संकेतस्थळावर दोन वर्षे वापरावीत. देणगीदार, प्रायोजक किंवा अन्य कोणालाही ती देण्यापूर्वी माझी लेखी परवानगी घ्यावी. छायाचित्रातील व्यक्ती वगळली जाईल अशी काटछाट करू नये. प्रत्येक छायाचित्रालगत माझे नाव द्यावे. स्वामित्वहक्क माझ्याकडे राहील आणि हीच छायाचित्रे इतरांना देण्यास मी मोकळा असेन." दोन वर्षांनंतर जुना अहवाल संकेतस्थळावरच्या संग्रहात राहिला तर माझी हरकत नसते, नवा वापर मात्र पुन्हा विचारून व्हावा.

काही संस्था "क्रिएटिव्ह कॉमन्सखाली द्या" असे सुचवतात. ठरावीक अटींवर कोणालाही वापराची मुभा देणारे हे तयार परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि चांगले आहेत, पण ते त्या एका संस्थेला नव्हे, तर साऱ्या जगाला दिलेले असतात आणि एकदा दिले की मागे घेता येत नाहीत. त्यातील 'अव्यापारी' ही अट वापर कसा आहे हे पाहते, वापरणारा कोण आहे हे नाही. म्हणजे सेवाभावी संस्थेने केलेला वापरही व्यापारी ठरू शकतो.

किती मागावे, याला एक आकडा नाही, पण रीत आहे. हाच वापर एखाद्या कंपनीने केला असता तर तुम्ही काय घेतले असते, ते आधी स्वतःशी ठरवावे. मुखपृष्ठाचा दर आतल्या पानावरच्या छोट्या चौकटीपेक्षा जास्त, देणग्या गोळा करण्याच्या मोहिमेचा अहवालापेक्षा जास्त. मग सवलत द्यावी. पगारी कर्मचारी असलेल्या संस्थांना मी साधारण निम्म्यावर येतो आणि बिलात तिन्ही ओळी दाखवतो: शुल्क शंभर, सेवाभावी संस्थेसाठी सवलत पन्नास, देय पन्नास. नुसते "पन्नास" लिहिले तर पुढच्या वर्षी नवा अधिकारी येतो आणि पन्नास हाच तुमचा दर समजून त्यावर सवलत मागतो. फुकट देतानाही बिल द्यावे: शुल्क शंभर, सवलत शंभर, देय शून्य.

त्यांनी आणखी कमी करा म्हटले, तर दर नव्हे, वापर कमी करावा. बारांऐवजी पाच छायाचित्रे, किंवा दोनऐवजी एक वर्ष, किंवा फक्त संकेतस्थळ. असे सुचवले की बोलणे "देता की नाही" यावर अडून बसत नाही. समोरचा प्रसिद्धी अधिकारी बहुधा तुमच्याच बाजूचा असतो. त्याला हिशेब विभागापुढे ठेवायला एक नीट कागद हवा असतो, तो तुम्ही द्यावा. "फूल ना फुलाची पाकळी म्हणून काहीतरी मानधन देऊ" असे उत्तर आले तर पाकळी आनंदाने घ्यावी आणि परवानाही पाकळीएवढाच द्यावा. नाव देण्याला मात्र मोबदला समजू नये, ते एरवीही द्यायचेच असते. त्याऐवजी अहवालाच्या छापील प्रती, किंवा पुढच्या कामाचे सशुल्क आणि लेखी आश्वासन मागता येते.

तुमच्या जागी मी असतो तर आज बाराही छायाचित्रांच्या लहान आकाराच्या, निवडीपुरत्या प्रती पाठवल्या असत्या, सोबत वरचा मजकूर आणि बिलाचा मसुदा. मूळ फाइलींमध्ये आपले नाव आणि परवान्याची अट आयपीटीसी माहितीत (छायाचित्राच्या फाइलीतच साठवल्या जाणाऱ्या मजकुरात) भरून ठेवली असती. बरीच संकेतस्थळे ती माहिती पुसून टाकतात, तरी संस्थेच्या संगणकावर ती टिकते आणि दोन वर्षांनी फोल्डर उघडणाऱ्या नव्या माणसाला छायाचित्र कोणाचे ते कळते. छपाईयोग्य फाइली "मान्य आहे" असे लेखी उत्तर आल्यावरच पाठवाव्यात.